कबुलीचं पान

"नंबर कशाला रे मला?" रिबकाबाई म्हणाली. "मला काय जेलात घालतोस का?"

चॅपलच्या मागच्या व्हरांड्यात टेबल टाकून मी बसलो होतो. समोर पुठ्ठ्याचे नंबर, वजनकाटा आणि सुतळीचा गुंडा. शेजारी वही उघडून प्रफुल्ला ओहोळ, माझी वर्गमैत्रीण आणि प्रकल्पातली जोडीदार. लेकरू कडेवर घ्यावं तसा रिबकाबाईने एक तांबडा भोपळा कडेवर घेतला होता आणि तिच्यामागे पार पायऱ्यांपर्यंत रांग लागली होती. रांगेत ज्वारीच्या पिशव्या होत्या, पपया होत्या, अंडी होती आणि पाय बांधलेला एक कोंबडा सगळ्या रांगेच्या वतीने तक्रार करत होता.

"बाई, यंदा सगळ्यांनाच नंबर आहे," मी म्हणालो. "तुमचा एक्केचाळीस."

एरवी मी तिला अगंतुगं करायचो. त्या दिवशी लोकांसमोर अहोजाहो केलं. तिच्या ते ध्यानात आलं असणार. तिने भोपळा टेबलावर ठेवला, पदराने पुसला आणि म्हणाली, "बरं, घाल नंबर. पण दावीदला सांग, हा वर उचलून धरायचा. चहूकडून फिरवायचा. मागं बसल्याल्यांना बी दिसला पायजे."

मी मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.

आमच्याकडे कापणीचा सण म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्याने जे पिकवलं, पाळलं किंवा घरी केलं, त्यातलं काहीतरी तो त्या दिवशी देवापुढे आणतो. उपासना झाली की आणलेल्या वस्तूंचा तिथेच लिलाव होतो. लिलाव पुकारायला वर्षानुवर्षं दावीदकाका लोंढे, मिशनच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. ते प्रत्येक वस्तू उचलून देणाऱ्याचं नाव घेत आणि कशासाठी उपकार मानलेत तेही सांगत. बोर्डे मास्तरांचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्यांच्याकडून पाच किलो तूर. मकासरे वहिनींच्या धाकटीला नोकरी लागली, तिच्या नावाने केळ्यांचा घड. मग लोक बोली लावत, ती वस्तूवर नव्हे, माणसावर. कुणी अंडं घेई कोंबडीच्या भावाने, आणि घेऊन परत तिथेच ठेवी, पुन्हा लिलाव करा म्हणून. हसणं, टोमणे, मध्येच डोळे पुसणं, असं चार-चार वाजेपर्यंत चाले. तोवर पोरं भुकेने रडकुंडीला येत आणि मटणाच्या रश्श्यावर चरबीचा थर धरे.

मी या सणाला शिस्त लावायचं ठरवलं होतं.

तेव्हा मी मिशनच्या विद्यापीठात एम.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. जालना रस्त्याला, शहराबाहेर, मिशनच्या जुन्या जमिनीवर ते विद्यापीठ उभं होतं. बाकी विषय कुठेही शिकवतात तेच. फक्त 'श्रद्धा आणि व्यवस्थापन' हा विषय आमचा खास, आणि तो विभागप्रमुख अमोलिक सर स्वतः शिकवत. तास प्रार्थनेने सुरू व्हायचा. प्रार्थनेत डोळे मिटा, ताळेबंद वाचताना उघडे ठेवा, उलटं करू नका, असं सर दर सोमवारी सांगत आणि आम्ही दर सोमवारी हसत असू. त्या विषयाचा प्रकल्प म्हणजे मंडळीचं, चर्चच्या समुदायाचं, एखादं काम हाती घ्यायचं आणि ते सुधारून दाखवायचं. अहवालाचं शेवटचं पान मात्र सरांनी ठरवून दिलेलं होतं. त्याला आम्ही कबुलीचं पान म्हणायचो. हे काम करताना आपल्या हातून कुणाला काय दुखलं, ते त्यावर लिहायचं. त्याला दहा मार्क होते.

मार्क आहेत म्हटल्यावर पोरांनी कबुलीचंही तंत्र बसवलं होतं. फार मोठा गुन्हा लिहायचा नाही, अगदी क्षुल्लकही नाही. वॉचमनला दोनदा धन्यवाद म्हणायचं राहिलं, सहकाऱ्यावर आवाज चढवला, असलं काहीतरी. मागच्या वर्षीची पानं हॉस्टेलवर फिरत आणि आम्ही त्यांतून सोयीची पापं निवडत असू.

त्या वर्षी प्रकल्पाला भलतंच महत्त्व आलं होतं. मिशनच्या दवाखान्यात सहायक व्यवस्थापकाची जागा निघाली होती आणि ज्याचा प्रकल्प विश्वस्तांना पसंत पडेल त्याला ती मिळणार होती. वर्गात बाकीच्यांच्या मागे बाप होते, काका होते, शेती तरी होती. माझ्यामागे कुणी नव्हतं. ती जागा मिळाली नाही तर हॉस्टेल सोडल्यावर ट्रंक घेऊन कुठे जायचं, हे मला खरोखर ठाऊक नव्हतं.

कुणी नव्हतं असं मी म्हणायचो. वर्गातही तेच सांगितलं होतं, की आईवडील गेले, मामांकडे वाढलो. मामा हे मी तयार केलेले होते. खरं असं, की मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, गवंडीकाम करणारा बाप सुरतेला गेला तो परत आला नाही, आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी मला मिशनच्या बोर्डिंगात टाकलं. बोर्डिंगात भांडी घासायला रिबकाबाई होती. ती माझ्यासाठी अर्धी भाकरी गुळाचा खडा घालून पदराखाली ठेवायची. मला गोवर आला तेव्हा सात दिवस तिच्या खोलीत ठेवून घेतलं. बारावीनंतर पाळकसाहेबांचं शिफारसपत्र हवं होतं, तर त्यांच्या दारात तीन दिवस बसून तिने ते आणलं. मी विद्यापीठात आलो, त्याच वर्षी ती विद्यापीठाच्या मेसमध्ये कामाला लागली. मेसच्या मागे तिला एक खोली होती. खोलीवर पत्रे होते आणि पत्र्यावर भोपळ्याचा वेल.

मेसच्या खिडकीतून ती मला हाक मारायची. "सुमंता, जेवलास का?" प्रफुल्लाने एकदा विचारलं, ही तुला नावाने कशी ओळखते? मी म्हणालो, आमच्या बोर्डिंगची बाई आहे, सगळ्याच पोरांना अशी हाक मारते. हे बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

तर, माझी योजना. वस्तूंना नंबर द्यायचे. एकसारख्या वस्तूंचे लॉट करायचे. मोठे नग कापून, विकता येतील एवढे करायचे. आणि एका हाकेत बोली आली नाही तर तो लॉट सरळ स्वयंपाकघरात, दुपारच्या भोजनाला. नावं घ्यायची नाहीत.

नावांवरून प्रफुल्ला माझ्याशी भांडली होती. "अरे, लोक त्यासाठीच तर येतात," ती म्हणाली.

मी तिला समजावलं, की नावं घेतली की बागायतदाराचं पोतं आणि गरिबाची मूठ यांची तुलना होते. नंबराला सगळे सारखे. शिवाय दान कसं असावं, या हाताचं त्या हाताला कळू नये असं. हा मुद्दा मी अहवालातही घातला होता आणि अमोलिक सरांनी त्याच्याखाली रेघ मारली होती. ती रेघ कौतुकाची आहे असं मी धरून चाललो.

नऊ वाजता रांग संपली. प्रफुल्ला पालेभाज्यांच्या जुड्या बांधायला बसली. मी सुरी घेतली. त्या दिवशी तीन मोठे भोपळे आले होते. तिन्हींचे तुकडे केले, जुड्यांसोबत टोपल्यांत मांडले, टोपल्यांना लॉट नंबर लावले आणि हात धुऊन कोट घातला.

लिलाव एक तास दहा मिनिटांत संपला.

दावीदकाकांनी माझ्या हातातली यादी नाकावर चष्मा सरकवून वाचली. लॉट एक. लॉट दोन. एकदा ते सवयीने थांबले, वर बघून विचारलं, "हे कुणाकडून?" मी खालून नाही अशी मान हलवली, आणि ते बिचारे पुढे वाचू लागले. बोली लागत होत्या, पण लोक बाजारात लावतात तशा. पंधराव्या लॉटला, म्हणजे भोपळा आणि मेथीला, कुणीच हात वर केला नाही. मी खूण केली आणि दोन पोरांनी टोपली उचलून मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेली. पुढच्या रांगेत विश्वस्त बसले होते. त्यांच्यापैकी एकजण घड्याळ बघून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघे हसले. मला धन्य वाटलं. रिबकाबाई नेहमीसारखी पुढच्या चटईवर बसली होती. मध्ये तिची जागा काही वेळ रिकामी दिसली, पण माझं सगळं लक्ष घड्याळात होतं.

टाळ्या झाल्या. विश्वस्तांनी हात मिळवला. अमोलिक सर म्हणाले, "वेळ चांगला वाचवलास. त्या वेळाचं आता काय करणार?" सरांना असले प्रश्न विचारायची खोडच होती. मी हसून वेळ मारून नेली.

लोक जेवायला निघाले. रिबकाबाई मात्र चटईवरून उठली नव्हती. तिने मला बोटाने जवळ बोलावलं. विश्वस्त अजून दारात होते, म्हणून मी पटकन गेलो आणि वाकलो.

"माझा भोपळा झाला का रे?"

"झाला, बाई."

"कुणी घेतला?"

"घेतला ना. चांगला गेला."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी बघताना ती नजर ढळू द्यायची नाही. "आन् नाव वाचलं का कुणी?"

मी म्हणालो, "वाचलं."

तिने मांडीशी असलेली पिशवी उचलली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "मग मलाच आयकू आलं नसंल. कान गेले बाबा आता." पदर सारखा केला आणि मेसच्या बाजूला चालू लागली. विश्वस्त माझी वाट बघत होते. मी त्यांच्याकडे गेलो.

जेवणात मटणासोबत भोपळ्याची भाजी होती. मी ती घेतली नाही. पंगती उठल्यावर प्रफुल्ला मला चॅपलच्या पायरीवर गाठून म्हणाली, "तुला एक विचारायचंय. पंधरा नंबरची टोपली आत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. रिबकाबाईही आली. नेहमीसारखी भाजी चिरू लागायला आली असेल, असं मला वाटलं. तिने भोपळ्याचे तुकडे एकेक करून उलटे केले. त्यांतले दोन उचलले आणि शेजारी-शेजारी लावून बघितले. साल एकमेकाला जुळली. मग ते दोन्ही तिने पिशवीत घातले, बाकीची भाजी चिरून दिली आणि परत जाऊन चटईवर बसली."

"कधी?" मी विचारलं.

"लिलाव चालू होता तेव्हाच."

म्हणजे तिने मला विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. भोपळा विकला गेला नाही हे ठाऊक होतं, नाव वाचलं गेलं नाही हेही ठाऊक होतं. ते तुकडे त्या वेळी तिच्या पिशवीत होते आणि पिशवी चटईवर तिच्या मांडीशी होती. ती मला खरं बोलायची संधी देत होती. मी ती दोनदा घालवली, आणि मला लाज वाटू नये म्हणून तिने स्वतःचे कान खराब ठरवले.

"त्या सालीवर काय होतं, सुमंत?" प्रफुल्लाने विचारलं. "मला दुरून नीट दिसलं नाही. तू कापलास ना तो?"

"मला काही दिसलं नाही," मी म्हणालो.

अठरा वर्षं मी हेच सांगत आलो. लग्नानंतर बायकोलाही हेच सांगितलं, घाईत होतो, बघितलं नाही. आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो.

भोपळा हाताएवढा असताना त्याच्या सालीवर खिळ्याने काही कोरलं तर ते मिटत नाही. भोपळा वाढतो तसं तेही वाढतं, आणि पिकल्यावर अक्षरं फुगून वर येतात, बोटांना लागतात. सकाळी तिसरा भोपळा मी पालथा केला तेव्हा माझ्या बोटांना अक्षरं लागली. रिबकाबाईला लिहिता येत नव्हतं. कुणाकडून तरी कागदावर काढून घेऊन, ते बघून-बघून तिने पत्र्यावर चढून कोरलं असणार. अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाचता येत होती. 'सुमंत हिवाळे पास. देवाचे उपकार.'

परीक्षा अजून व्हायची होती. तिने भोपळा लहान असतानाच मला पास करून टाकलं होतं.

प्रफुल्ला माझ्याकडे पाठ करून जुड्या बांधत होती. मला सगळं एकदम दिसलं. दावीदकाका हा भोपळा उचलणार, चहूकडून फिरवणार, मोठ्याने वाचणार. लोक हसणार, टाळ्या देणार, कुणीतरी विचारणार, रिबकाबाई, हा तुमचा कोण? आणि ती विश्वस्तांसमोर, वर्गासमोर सांगणार, की हा माझा. भांडी घासणाऱ्या बाईचा. मग मामा कुठून आणायचे?

मी सुरी नेमकी अक्षरांवर ठेवली. 'सुमंत' आणि 'हिवाळे' यांच्या मधोमध. मग दोन्ही अर्ध्यांचे आणखी तुकडे केले आणि साल खालच्या बाजूला करून टोपलीत मांडले. भोपळा पिकलेला होता, कापायला जोर लागला, तेवढा मी लावला.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी प्रफुल्लाने बाकी सगळ्या पानांवर सही केली. कबुलीच्या पानावर केली नाही. ती म्हणाली, "हे पान तुझं तू लिही. माझं मी वेगळं देते." तिच्या पानावर तिने काय लिहिलं ते मला आजवर माहीत नाही. मी लिहिलं, की वेळ पाळण्याच्या भरात मी वयोवृद्ध दावीदकाकांना त्यांच्या पद्धतीने बोलू दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. वाक्य छान जमलं होतं. मी ते दोनदा वाचून पाहिलं.

सरांनी त्या पानाला नऊ मार्क दिले. अहवाल परत देताना म्हणाले, "दहावा मी कुणाला देत नाही. सगळी कबुली कुणी देत नसतो." आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी थँक्यू सर म्हणालो.

दवाखान्यातली जागा मला मिळाली. पहिल्या पगारातून रिबकाबाईला लुगडं घेतलं आणि तिच्या खोलीवर नेऊन दिलं, दुपारच्या वेळी, मेसमध्ये सामसूम असताना. तिने ते डोक्याला लावलं. चहा केला. दोन्ही तुकडे कुठे आहेत ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि तिनेही विषय काढला नाही. दवाखान्यात डाळ कसली देतात, अंथरूण-पांघरूण आहे का, एवढंच विचारत बसली. निघताना मी दारात उभा राहिलो. सांगावं असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात मेसमधून कुणीतरी आलं आणि मी चप्पल घातली.

पुढच्या वर्षी कापणीचा सण आला तेव्हा विद्यापीठाने माझीच पद्धत ठेवली होती आणि ती दाखवायला मलाच बोलावलं होतं. तेच टेबल, तेच पुठ्ठ्याचे नंबर. रिबकाबाई रांगेत उभी होती. कडेवर भोपळा होता, मागच्यापेक्षा मोठा. तिचा नंबर आला तेव्हा मी उभा राहिलो, भोपळा दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फिरवून बघितला. वरून, खालून, देठाकडून. साल सगळीकडे गुळगुळीत होती.

"बाई," मी म्हणालो, "यंदा नाव नाही घातलंस?"

एवढ्या लोकांत मी तिला एकेरीत बोललो होतो. रांगेतले लोक बघत होते आणि त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. उशीर होतोय, मागच्यांना ताटकळत ठेवू नये, एवढीच काळजी होती.

"नावाचं काय काम," ती म्हणाली. "नंबर दे. कितवा हाये माझा?"

मी सातवा नंबर लिहून दिला. तिने तो पुठ्ठा दोनदा उलटसुलट करून बघितला, हरवू नये म्हणून पदराच्या टोकाला बांधला आणि आत जाऊन चटईवर बसली.